फादरच्या हातात काय असते?

विदर्भातल्या एखाद्या तालुक्याच्या गावी चर्च असले, की आजूबाजूच्या पंचक्रोशीत एक वाक्य हमखास ऐकू येते: "फादर नाही म्हणाले." मुलीचे लग्न अडले तरी फादर नाही म्हणाले, बाळाचा बाप्तिस्मा लांबला तरी फादर नाही म्हणाले, आणि चर्चच्या आवारालगतची पडीक जागा कोणाला हवी होती ती मिळाली नाही तरी कारण तेच. गावातल्या ख्रिस्तेतर लोकांच्या मनात तर फादर म्हणजे कॉन्व्हेंटचा मालक, दवाखान्याचा व्यवस्थापक आणि परदेशातून येणाऱ्या पैशाचा खजिनदार, असे सगळे एकाच वेळी असते. प्रत्यक्षात कॅथलिक चर्चच्या रचनेत फादरला स्वतःच्या मनाने घेता येतील असे निर्णय मोजकेच असतात. उरलेल्यांपैकी काही बिशपकडे (फादरांच्या वरच्या धर्माधिकाऱ्याकडे), काही रोमकडे आणि बरेचसे भारतीय कायद्याकडे जातात. लग्न, धर्मांतर, जात, आत्महत्या यांसारखे जे नैतिक प्रश्न सध्या चर्चेत असतात, ते पॅरिशमध्ये कोणाच्या तरी अर्जाच्या रूपाने येतात, आणि त्या अर्जावर सही कोणाची लागते हे माहीत नसेल तर राग चुकीच्या माणसावर निघतो.

आधी रचना पाहू. चर्चच्या १९८३ च्या कायदासंहितेनुसार पॅरिश, म्हणजे मराठी ख्रिस्ती लिखाणातला धर्मग्राम, हा एका ठराविक हद्दीत राहणाऱ्या कॅथलिकांचा कायमस्वरूपी समुदाय असतो. पॅरिश स्थापन करणे, तिची हद्द बदलणे किंवा ती मोडणे हा अधिकार बिशपचा, आणि त्यासाठीही त्याला धर्मगुरूंच्या मंडळाचे मत ऐकून घ्यावे लागते. अनेक पॅरिश मिळून धर्मप्रांत होतो, आणि बिशप त्याचा प्रमुख असतो. नागपूरचा धर्मप्रांत १८८७ मध्ये स्थापन झाला आणि १९५३ मध्ये महाधर्मप्रांत झाला. त्याचा पाया सेंट फ्रान्सिस डी सेल्स संघाच्या धर्मगुरूंनी घातला होता. अमरावतीचा धर्मप्रांत १९५५ चा. चांदा धर्मप्रांताची गोष्ट थोडी वेगळी आहे. १९६२ मध्ये हा भाग केरळमधल्या सीरो-मलबार या पौर्वात्य कॅथलिक चर्चकडे सोपवण्यात आला, १९७७ मध्ये तो पूर्ण धर्मप्रांत झाला आणि त्याचे मुख्य ठाणे बल्लारपूरला आहे. म्हणून अमरावती धर्मप्रांतातल्या यवतमाळचा कॅथलिक आणि चांदा धर्मप्रांतातल्या वर्ध्याचा कॅथलिक पोपला सारखेच मानत असले, तरी त्यांची उपासनेची पद्धत आणि त्यांना लागू असणारी कायद्याची संहिता वेगळी असते. यवतमाळला १९८३ ची लॅटिन, म्हणजे पाश्चात्य चर्चची संहिता, तर वर्ध्याला पौर्वात्य चर्चेससाठी १९९० मध्ये काढलेली संहिता. या लेखातले नियम लॅटिन संहितेच्या आधाराने दिले आहेत. मोठ्या मुद्द्यांवर दोन्हींत फारसा फरक नाही.

चांदा धर्मप्रांतात वर्धा, चंद्रपूर आणि गडचिरोली हे जिल्हे येतात. वर्धा आणि गडचिरोलीत दारूबंदी आहे, चंद्रपुरात ती २०१५ ते २०२१ या काळात होती, आणि मिस्सेला, म्हणजे कॅथलिकांच्या मुख्य उपासनेला, शुद्ध द्राक्षरस आंबवून केलेला वाइनच लागतो, दुसरे काही चालत नाही. गावातल्या काही लोकांना यात मोठी विसंगती दिसते. पण दारूबंदीच्या राज्य कायद्यात धार्मिक विधीपुरत्या परवान्याची तरतूद पूर्वीपासून आहे, आणि एका मिस्सेला लागणारा वाइन चमच्यांनी मोजावा इतकाच असतो. त्यामुळे हा प्रश्न चर्चेत जेवढा रंगतो तेवढा व्यवहारात उरत नाही.

पैसा आणि मालमत्ता यांच्याबाबत फादरचे हात सर्वांत घट्ट बांधलेले असतात. प्रत्येक पॅरिशमध्ये अर्थसमिती असलीच पाहिजे असा चर्चचा नियम आहे. पॅरिश कौन्सिल मात्र बिशपला योग्य वाटल्यास नेमली जाते आणि तिचे मत सल्ल्यापुरतेच असते. कौन्सिलच्या सभेत बहुमताने ठराव झाला तरी फादर तो बाजूला ठेवू शकतो, आणि सभेतली बरीचशी धुसफूस याच एका नियमातून निघते. पण जमीन विकायची म्हटली, की फादर आणि कौन्सिल दोघेही सारखेच हतबल होतात. विक्री मोठ्या रकमेची असेल तर बिशपला स्वतःच्या अर्थसमितीची आणि सल्लागार धर्मगुरूंची संमती घ्यावी लागते, त्याहून मोठी असेल तर रोमची परवानगी लागते. शिवाय जमीन नोंदणीकृत न्यासाच्या नावावर असते, म्हणून महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखाली धर्मादाय आयुक्तांचीही परवानगी लागते. कॉन्व्हेंट शाळा बहुधा धर्मप्रांताच्या एखाद्या संस्थेची किंवा सिस्टरांच्या संघाची असते, पॅरिशची नसते. त्यामुळे फी कमी करून द्या म्हणून फादरकडे गेलेला पालक बऱ्याचदा चुकीच्या दारात उभा असतो. परदेशी देणग्यांचे तर त्यांच्याविषयीच्या कायद्यात २०२० मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर असे झाले आहे, की त्या फक्त स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या मुख्य शाखेतल्या खात्यातच स्वीकारता येतात आणि एका संस्थेला आलेला पैसा दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही. खेड्यातल्या पॅरिशचा रोजचा खर्च खरे म्हणजे रविवारच्या वर्गणीवर चालतो. मिस्सेनंतर आतल्या खोलीत टेबलावर पिशवी उलटी होते, दोघे-तिघे दहा-वीसच्या चुरगळलेल्या नोटा सरळ करून गड्ड्या लावतात, नाणी वेगळी काढतात, आकडा वहीत लिहून सह्या करतात. पावसाळ्याच्या सुरुवातीला, पेरणीच्या दिवसांत, ही पिशवी हलकी असते आणि कापूस विकला गेला की ती जरा भरते, हे सांगायला अर्थशास्त्रज्ञ लागत नाही.

आता फादरला स्वतः काय ठरवता येते ते पाहू. विदर्भात एका पॅरिशखाली अनेक गावे आणि वस्त्या असतात. तिथे महिन्यातून एखाद्या वेळीच मिस्सा होते आणि एरवी रविवारी धर्मशिक्षक किंवा एखादी सिस्टर शास्त्रपाठ वाचून प्रार्थना घेते. चर्चच्या कायद्याला हे मान्य आहे. कोणत्या वस्तीवर कधी जायचे, कोणाच्या घरी प्रार्थना ठेवायची, कोणत्या आजाऱ्याकडे आधी पोचायचे, हे सगळे फादरच ठरवतो, आणि माझ्या मते चांगला फादर आणि कामचलाऊ फादर यांतला फरक इथेच दिसतो. नाताळची रात्रीची मिस्सा बरोबर बारा वाजताच झाली पाहिजे असेही बंधन नाही. दूरच्या गावच्या लोकांना परत जायचे असते, डिसेंबरात कापसाची वेचणी चालू असते, बाया पहाटे शेतात निघतात. म्हणून कित्येक ठिकाणी ही मिस्सा संध्याकाळीच उरकतात. ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री दहानंतर उघड्यावर लाउडस्पीकर लावता येत नाही; राज्य सरकार वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस ही वेळ बारापर्यंत वाढवून देऊ शकते. ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळातही फादरच्या हातात थोडी मोकळीक असते. राखेचा बुधवार (उपवासकाळाचा पहिला दिवस) आणि शुभ शुक्रवार (गुड फ्रायडे) या दोन दिवशी १८ वर्षांवरच्या आणि साठीच्या आतल्या कॅथलिकांनी उपास करावा आणि १४ वर्षांवरच्या सर्वांनी मांस वर्ज्य करावे, असा नियम आहे. पण मजुरीवर जाणाऱ्या माणसाला किंवा आजाऱ्याला त्यातून सूट देणे किंवा त्याऐवजी दुसरे एखादे सत्कर्म सांगणे हे पॅरिशचा फादर स्वतःच्या अधिकारात करू शकतो. हे न विचारताच स्वतःला पापी ठरवून बसणारी माणसे खेड्यात पुष्कळ आहेत.

फादरच्या कपाटातल्या नोंदवह्यांकडे बाहेरच्या माणसाचे लक्ष जात नाही, पण पॅरिशचा खरा कणा त्याच आहेत. बाप्तिस्मा, विवाह आणि मृत्यू यांच्या वह्या ठेवणे चर्चच्या कायद्याने सक्तीचे आहे. बाप्तिस्म्याच्या नोंदीत मुलाचे नाव, जन्म आणि बाप्तिस्म्याची तारीख, आईवडील, धर्मपिता व धर्ममाता, विधी करणारा धर्मगुरू एवढे लिहिलेले असते आणि बाजूला समास कोरा सोडलेला असतो. सातबाऱ्यावर फेरफाराची नोंद चढावी तशी पुढे त्या समासात माणसाच्या आयुष्यातली प्रत्येक मोठी घटना चढत जाते: दृढीकरण (बाप्तिस्म्यानंतरचा विश्वास पक्का करणारा संस्कार) झाले, अमुक ठिकाणी लग्न झाले, कोणी धर्मगुरू किंवा सिस्टर झाले. दारव्ह्याकडच्या मुलीने पुण्यात चर्चमध्ये लग्न केले, तर पुण्याच्या फादरने तिच्या मूळ पॅरिशला कळवायचे आणि इथल्या फादरने जुनी वही काढून समासात ते लिहायचे. म्हणूनच लग्नाच्या वेळी पॅरिश बाप्तिस्म्याचा ताजा दाखला मागते. घरात फ्रेम करून ठेवलेला जुना दाखला चालत नाही, कारण त्यावर नंतरचा समास नसतो. ही अडवणूक वाटते, पण एकाच माणसाची दोन लग्ने चर्चमध्ये लागू नयेत यासाठीची ती साधी तपासणी आहे.

लग्न हाच सर्वांत गुंतागुंतीचा विषय आहे. विदर्भात कॅथलिक कुटुंबे विखुरलेली आहेत, त्यामुळे मुलामुलींची लग्ने हिंदू, बौद्ध किंवा प्रोटेस्टंट घरांत होणे स्वाभाविक आहे. जोडीदाराचा बाप्तिस्मा झालेला नसेल तर चर्चच्या दृष्टीने ती विवाहातली बाधा असते आणि बिशपने सूट दिल्याशिवाय ते लग्न वैध होत नाही. जोडीदार प्रोटेस्टंट असेल तर लग्नाच्या वैधतेला धक्का लागत नाही, पण परवानगी घ्यावी लागते. दोन्ही बाबतीत फादर फक्त अर्ज भरून पुढे पाठवतो. त्या अर्जात कॅथलिक बाजूने दोन गोष्टी लिहून द्यायच्या असतात: स्वतःचा विश्वास सोडणार नाही, आणि मुलांना कॅथलिक बाप्तिस्मा व शिकवण मिळावी म्हणून आपल्याकडून होईल तेवढा प्रयत्न करीन. दुसऱ्या बाजूला या वचनाची फक्त कल्पना द्यायची असते. तिच्याकडून कोणतीही सही, वचन किंवा धर्मांतर मागितले जात नाही. "फादर म्हणतात मुलाने आधी ख्रिश्चन व्हावे" असे जे गावात पसरते, ते चर्चच्या कायद्यात कुठेही नाही, आणि एखाद्या फादरने तसे मागितले असेल तर बिशपकडे जाऊन त्याची तक्रार करता येते.

पण याच प्रकरणात एक नियम असा आहे की जो दोन्हीकडच्या पाहुण्यांना दुखावतो. सकाळी चर्चमध्ये वचने आणि संध्याकाळी मंडपात मंगलाष्टके, असे दोनदा लग्न लावायला चर्चची मनाई आहे, कारण वैवाहिक संमती एकदाच दिली जाते अशी चर्चची धारणा आहे. हळद, वरात, जेवणावळ याला कोणाची हरकत नसते. हरकत आहे ती दुसऱ्या धार्मिक विधीत पुन्हा संमती देण्याला. इथे मला चर्चचा नियम समजतो, पण तो समजावून सांगण्याची वेळ पत्रिका छापून झाल्यावर येते हे मात्र पॅरिशचेच अपयश म्हणावे लागेल. सरकारी कायद्याची बाजूही या ठिकाणी ध्यानात घ्यावी. हिंदू विवाह कायदा दोन्ही पक्ष हिंदू (त्यात बौद्ध, जैन, शीखही येतात) असतील तरच लागू होतो. हिंदू स्त्री आणि ख्रिस्ती पुरुष यांचे त्या कायद्याखाली लागलेले लग्न वैध नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये सांगितले आहे. म्हणजे नुसत्या मंडपातल्या लग्नावर विसंबलेली मुलगी उद्या पोटगी किंवा वारसाहक्कासाठी उभी राहिली, तर तिच्या पायाखालची जमीन सरकू शकते. १८७२ चा भारतीय ख्रिस्ती विवाह कायदा दोघांपैकी एक ख्रिस्ती असला तरी लागू होतो, आणि १९५४ चा विशेष विवाह कायदा तर कोणत्याही दोन धर्मांच्या माणसांसाठी आहे. यांपैकी एक कागद हातात असलाच पाहिजे. चर्चची सूट आणि सरकारचा कागद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि एक मिळाली म्हणून दुसरी मिळाली असे होत नाही.

कोर्टात जाऊन विवाह नोंदवला आणि चर्चला विचारलेच नाही, अशी जोडपीही गावोगाव आहेत. सरकारच्या लेखी ते पतिपत्नी असतात, चर्चच्या लेखी कॅथलिक व्यक्तीचे लग्न वैध नसते. अशा वेळी लग्न नंतर चर्चमध्ये वैध करून घेता येते, आणि दुसऱ्या जोडीदाराला पुन्हा विधी करायची इच्छा नसेल तर पहिल्या संमतीलाच मुळापासून वैधता देण्याचा अधिकार बिशपला आहे. ही दुसरी वाट फार थोड्यांना माहीत असते. त्यांच्या मुलांच्या बाप्तिस्म्याचेही असेच. आईवडिलांपैकी एकाची संमती असावी आणि मूल कॅथलिक संस्कारांत वाढेल अशी रास्त आशा असावी, एवढीच अट आहे. ती आशा अजिबातच दिसत नसेल तर फादरने कारण सांगून विधी पुढे ढकलायचा असतो, आईवडिलांचे लग्न कसे झाले याची शिक्षा मुलाला द्यायची नसते.

मामाच्या मुलीशी लग्न करण्याची आपल्याकडची चाल चर्चच्या कायद्याशी थेट आदळते. सख्ख्या चुलत, मामे, आते, मावस भावंडांतले लग्न चर्चला मान्य नाही, मात्र बिशप त्यात सूट देऊ शकतो. सोयरीक जमवताना हा मुद्दा पहिल्या बैठकीतच निघाला तर पुढची पळापळ वाचते.

लग्न मोडले तर काय, हा प्रश्न पूर्वी कुजबुजत विचारला जाई, आता उघड विचारला जातो. बाप्तिस्मा झालेल्या दोघांचे वैध आणि पूर्णत्वास गेलेले लग्न मृत्यूशिवाय कशानेही संपत नाही, ही चर्चची शिकवण बदललेली नाही. चर्चचे न्यायमंडळ तपासते ते एवढेच, की लग्नाच्या दिवशी ते खरोखर झाले होते का. धाकदपटशा, गंभीर फसवणूक, लग्नाची जबाबदारी पेलण्याची मानसिक असमर्थता अशी कारणे सिद्ध झाली, तर लग्न मुळातच झाले नव्हते असे जाहीर केले जाते. २०१५ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी ही प्रक्रिया सोपी केली. तोवर दोन न्यायमंडळांचा सारखाच निकाल असावा लागे, आता एकच पुरतो. पण हा निकाल भारतीय कायद्यावर बंधनकारक नाही. चर्चने दिलेल्या निकालाने कायदेशीर विवाह संपत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये सांगितले आणि २०१७ मध्ये पुन्हा स्पष्ट केले. म्हणजे जिल्हा न्यायालयाचा घटस्फोट वेगळा घ्यावाच लागतो. ख्रिस्ती लोकांच्या घटस्फोट कायद्यातल्या २००१ च्या दुरुस्तीपूर्वी ख्रिस्ती बायकोला घटस्फोटासाठी नवऱ्याचा व्यभिचार सिद्ध करून वर त्याच्या जोडीला क्रूरता किंवा परित्याग यांसारखे आणखी काहीतरी दाखवावे लागे, नवऱ्याला मात्र एकटा व्यभिचार पुरे होता. त्या दुरुस्तीने दोघांना सारखी कारणे दिली आणि परस्परसंमतीची वाटही उघडली. आणि केवळ घटस्फोट झाला म्हणून कोणी चर्चबाहेर जात नाही. पुनर्विवाह न केलेली घटस्फोटित बाई इतरांसारखीच मिस्सेतला ख्रिस्तप्रसाद घेऊ शकते. तिला मागच्या बाकावर बसवणारी नजर कायद्यातून आलेली नसते, शेजाऱ्यांकडून आलेली असते.

जातीच्या दाखल्याचा प्रश्न फादरच्या हातात तर नाहीच, बिशपच्याही हातात नाही. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. त्यात १९५६ मध्ये शिखांचा आणि १९९० मध्ये बौद्धांचा समावेश झाला, ख्रिस्ती आणि मुस्लीम बाहेरच राहिले. अनुसूचित जमातीला धर्माची अट नाही. त्यामुळे एकाच चर्चमध्ये शेजारी बसलेल्या दोन कुटुंबांपैकी गोंड कुटुंबाच्या मुलाला आरक्षण मिळते आणि दलित पार्श्वभूमीच्या कुटुंबातल्या मुलाला अनुसूचित जातीचे मिळत नाही. रंगनाथ मिश्रा आयोगाने २००७ मध्ये ही धर्माची अट काढण्याची शिफारस केली होती. ज्या नागपुरात १९५६ ची धम्मदीक्षा झाली, त्या भागात हा फरक लोकांना फार बोचतो, कारण शेजारच्या बौद्ध घराला जे १९९० नंतर मिळाले ते आपल्याला का नाही, हा प्रश्न रोज डोळ्यांसमोर असतो. त्यातून बाप्तिस्मा एक आणि शाळेच्या दाखल्यावर धर्म दुसरा, अशी दुहेरी कागदपत्रे तयार होतात. फादरला ते ठाऊक असते, तो बोलत नाही, आणि त्याने खोटा दाखला मात्र कधीही देऊ नये. चर्चने स्वतःच्या अंगणाकडेही पाहिले पाहिजे, हेही इथेच म्हणायला हवे. चर्चमध्ये जातिभेद पाळला जातो हे भारतातल्या बिशपांनी २०१६ मध्ये काढलेल्या दलितविषयक धोरणात कबूल केले आहे.

धर्मांतराच्या वादाचा विदर्भाशी जुना संबंध आहे. नागपूर मध्य प्रदेशाची राजधानी असताना १९५४ मध्ये तिथल्या सरकारने निवृत्त न्यायमूर्ती नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली मिशनऱ्यांच्या कामाची चौकशी करणारी समिती नेमली आणि तिचा अहवाल १९५६ मध्ये आला. पुढे १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने धर्मप्रसाराच्या अधिकारात दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा अधिकार येत नाही, असा निकाल दिला. या पार्श्वभूमीवर कॅथलिक पॅरिशची पद्धत माहीत असणे बरे. प्रौढ माणसाचा बाप्तिस्मा त्याने स्वतः मागितल्याशिवाय होत नाही, आणि मागितल्यावरही त्याला दीक्षार्थी म्हणून बराच काळ शिकवण घ्यावी लागते. कोणालाही त्याच्या सदसद्विवेकाविरुद्ध विश्वास स्वीकारायला लावणे चर्चच्या कायद्याने निषिद्ध आहे. धान्याच्या पोत्यावर किंवा शाळेच्या फीवर झालेला बाप्तिस्मा हा सरकारच्या आधी चर्चचाच अपराध ठरतो.

फादरविरुद्धच तक्रार असेल तर? आर्थिक किंवा वागणुकीची तक्रार बिशपकडे लेखी करायची. पण तक्रार मुलावरच्या लैंगिक अत्याचाराची असेल, तर पहिली पायरी पोलीस ठाणे. २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे अशा गुन्ह्याची माहिती असलेल्या कोणालाही ती पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. त्यात फादर, सिस्टर आणि मुख्याध्यापिकाही आल्या. पोप फ्रान्सिस यांच्या २०१९ च्या आदेशाने धर्मगुरू आणि सिस्टर यांच्यावर चर्चच्या अधिकाऱ्यांना कळवण्याचेही बंधन आले आणि त्याच वर्षी अशा प्रकरणांवरचे चर्चचे गोपनीयतेचे कवच काढले गेले. पापनिवेदनात ऐकलेले मात्र फादर कोणालाही सांगू शकत नाही. "आपल्या चर्चची बदनामी होईल" म्हणून घरच्यांना गप्प करणारा कौन्सिलचा सभासद कायद्याच्या दृष्टीनेही अडचणीत येऊ शकतो, हे सभेत एकदा मोठ्याने वाचून दाखवण्यासारखे आहे.

शेवटी मृत्यू. विदर्भात शेतकऱ्याच्या आत्महत्येनंतर घरात तलाठी, पोलीस आणि पुढारी येऊन जातात. २००६ मध्ये पंतप्रधानांनी या भागाचा दौरा करून अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा, वाशीम आणि वर्धा या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले होते. राज्य सरकारची एक लाखाची मदत मिळण्यासाठी मात्र समितीने प्रकरण "पात्र" ठरवावे लागते, जमीन नावावर आहे का, कर्ज कोणाचे, ते थकले होते का, हे पाहिले जाते. मृत माणूस कॅथलिक असेल तर घरचे फादरकडे जाताना याच भीतीने जातात, की इथेही आपण अपात्र ठरू. या भीतीला कारण आहे. १९१७ च्या चर्चच्या संहितेत जाणूनबुजून आत्महत्या करणाऱ्याला, मरण्यापूर्वी पश्चात्तापाची काही खूण दिसली नसेल तर, ख्रिस्ती दफन नाकारले होते, आणि जुन्या माणसांच्या डोक्यात तोच नियम अजून बसलेला आहे. १९८३ च्या संहितेत अंत्यविधी ज्यांना नाकारायचे त्यांच्या यादीतून आत्महत्या वगळली गेली. १९९२ चा चर्चचा धर्मशिक्षणग्रंथ आत्महत्येला चुकीचेच मानतो, पण मानसिक व्याधी, तीव्र यातना किंवा भय यांमुळे माणसाची जबाबदारी कमी होते असे सांगतो, आणि अशा माणसाच्या तारणाबद्दल निराश होऊ नये, चर्च त्याच्यासाठी प्रार्थना करते, असेही म्हणतो. म्हणजे अंत्यमिस्सा नाकारण्याचा अधिकार फादरला नाही. कबर कोपऱ्यात खणण्याचेही कारण नाही. सरकारी कायदा इथे चर्चच्या मागून आला. आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र तणावाखाली होता असेच गृहीत धरावे, हे २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने सांगितले. पण मरणानंतर दार उघडे ठेवणे सोपे असते. नापिकीच्या वर्षी घरोघरी जाणारा धर्मशिक्षक एखाद्या घरात अबोल झालेला माणूस पाहतो, तेव्हा त्याला १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा मोफत नंबर तोंडपाठ असावा, आणि त्याच आठवड्यात फादरने त्या घरी पोचावे, ही गोष्ट पूर्णपणे पॅरिशच्या हातातली आहे.

दहनाबद्दलही गैरसमज आहे. १९६३ पासून चर्चने दहनाला परवानगी दिलेली आहे, पुनरुत्थानावरचा विश्वास नाकारण्यासाठी ते केले जात नसेल एवढीच अट. दफन अधिक पसंत. मात्र रोमच्या २०१६ च्या सूचनेनुसार अस्थी विखुरू नयेत आणि घरात ठेवू नयेत, दफनभूमीसारख्या पवित्र जागी ठेवाव्यात. मिश्र कुटुंबात मुलाला वडिलांच्या अस्थी वर्धा नदीत किंवा वैनगंगेत सोडायच्या असतात तेव्हा फादर त्या विधीत सहभागी होऊ शकत नाही. तो घरी येऊन प्रार्थना घेऊ शकतो.

आणि दफनासाठी जागाच नसेल तर फादर काहीच करू शकत नाही. दोन-तीनच ख्रिस्ती घरे असलेल्या गावात वेगळी दफनभूमी बहुधा नसते, आणि मृत्यूच्या दिवशी त्यासाठी भांडणे कोणालाच परवडत नाही. शेजारच्या छत्तीसगडात बस्तर भागातल्या एका पास्टरचे पार्थिव गावात पुरू न दिल्याचे प्रकरण जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. दोन न्यायमूर्तींची मते वेगळी पडली आणि शेवटी काही किलोमीटरवरच्या दुसऱ्या गावातल्या ख्रिस्ती दफनभूमीत दफन करण्याचा आदेश झाला. जागेची मागणी ग्रामपंचायतीच्या ठरावाने सुरू होते आणि सरकारी जमीन असेल तर तहसीलदारांमार्फत जिल्हाधिकाऱ्यांकडे जाते. अर्ज पॅरिशच्या नावाने गेला तरी त्यावर गावातल्या ख्रिस्ती कुटुंबांच्या सह्या आणि शक्य असेल तर शेजाऱ्यांचीही संमती असावी. २ नोव्हेंबरच्या मृतांच्या दिवशी सगळे कबरींवर मेणबत्त्या लावायला जमतात, तेव्हाच या सह्या घेणे सोयीचे पडते, कारण एरवी तेवढी माणसे एका ठिकाणी सापडत नाहीत.